लेव्हल, एचपी आणि एक तळघर : गॅरी गायगॅक्सची गोष्ट

तुमच्या फोनमध्ये आत्ता एखादा तरी असा गेम असेल, ज्यात तुमच्या पात्राच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की खेळ खलास. शत्रू मारले की पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की चांगली तलवार मिळते. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय, की कुणीतरी बसून हे ठरवलं असेल असं वाटतच नाही.

पण ठरवलं होतं. कागदावर, पेन्सिलीने, कॉम्प्युटरला हातही न लावता. आणि ते छापून जगासमोर आणणारा माणूस त्या काळात घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून संसार चालवत होता.

त्याचं नाव गॅरी गायगॅक्स. पुढे मी त्याला नुसतं गॅरी म्हणणार आहे. एका टेबलावर खेळायला बसलं की अहो-जाहो फार वेळ टिकत नाही.

## माझा पहिला डाव कसा फसला

आधी माझी फजिती सांगतो, कारण मी गॅरीपर्यंत पोहोचलो ते तिच्यामुळेच.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोनेक वर्षांपूर्वी मी ठरवलं की मित्रांना जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी खेळायचं. हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र होतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण गेम मास्टर होतो. तो समोर काय दिसतंय ते सांगतो आणि विचारतो की आता काय करणार. बाकीचे सांगतात. जिथे यश मिळेल की नाही याची खात्री नसते तिथे फासे टाकायचे. बस, एवढाच खेळ.

गेम मास्टर मी झालो आणि तयारी केली इंजिनिअरसारखी. मोठा फ्लोचार्ट काढला. गुहा, गुहेच्या दाराशी दोन गॉब्लिन, त्यांना मारलं की किल्ली, किल्लीने दार, दारामागे खजिना. आमच्यातली एक मैत्रीण टेस्टिंगमध्ये काम करते. ती म्हणाली की तिला गॉब्लिनशी लढायचं नाही, त्यांना डब्यातलं खायला देऊन गप्पा मारायच्या आहेत. माझ्या फ्लोचार्टमध्ये ती फांदीच नव्हती. मी सांगितलं, असं करता येणार नाही. मग रूममेटने गुहेच्या वरून भोक पाडायचं म्हटलं. त्यालाही नाही. तासाभरात सगळ्यांच्या हातात फोन आले. त्यांचंही बरोबरच होतं. मी जे खेळायला देत होतो, त्याहून चांगलं फोनवर फुकट मिळत होतं.

चुकलं कुठे हे शोधायला मी या खेळाच्या मुळाशी गेलो आणि तिथे गॅरी भेटला.

## शाळा सुटली, पुस्तकं नाही सुटली

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८चा, शिकागोतला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचा असताना घर लेक जिनिव्हाला हललं. हे स्वित्झर्लंडमधलं जिनिव्हा नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात तळ्याकाठी असलेलं हे छोटं गाव आहे, त्याच्या आईचं माहेर.

वडील त्याला रात्री जादूगारांच्या आणि योद्ध्यांच्या गोष्टी सांगायचे. लहान वयातच तो बुद्धिबळ शिकला. वाचनाचं वेड तर विचारूच नका. रॉबर्ट हॉवर्डचा कॉनन, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हान्स यांच्या अद्भुत कथा, स्वस्त कागदावर छापलेली मासिकं, सगळं त्याने फस्त केलं. शाळेत मात्र लक्ष नव्हतं. हायस्कूल अर्ध्यावर सोडलं. १९५८मध्ये मेरी जो पॉवेलशी लग्न झालं आणि पुढे शिकागोतल्या एका विमा कंपनीत अंडररायटरची नोकरी लागली. कुणाला किती धोका आहे याचा अंदाज बांधून विम्याचे आकडे ठरवणं, हे त्याचं काम. हे लक्षात ठेवा, कारण संभाव्यतेचा हा हिशेब पुढे कामाला येणार आहे.

त्याच सुमाराला त्याच्या हाती गेटिसबर्ग नावाचा बोर्ड गेम लागला. अमेरिकन यादवीतली प्रसिद्ध लढाई नकाशावर पुन्हा लढायची, असा तो खेळ. गॅरी पार त्यात बुडाला. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, जमेल तेव्हा मित्रांच्या तळघरांत नकाशे पसरून बसायचा. असं सांगतात, की मेरी जोला एकदा नवऱ्याचं बाहेर काहीतरी प्रकरण असल्याचा संशय आला. ती तरातरा मित्राच्या तळघरात गेली, तर नवरा नकाशावर वाकून सैन्य हलवत बसलेला.

१९६७मध्ये त्याने वीसेक खेळाडूंना स्वतःच्या घरी बोलावलं. पुढच्या वर्षी, १९६८च्या ऑगस्टमध्ये, गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचं छोटं संमेलन भरवलं. तेच जेन कॉन. आज ते इंडियानापोलिसमध्ये भरतं आणि हजारो लोक येतात.

## नोकरी गेली

१९७०च्या ऑक्टोबरमध्ये गॅरीची नोकरी गेली. घरात बायको आणि पाच मुलं. पुन्हा एखादी ऑफिसातली नोकरी धरण्याऐवजी तो बूट दुरुस्तीचं काम शिकला, तळघरात मशीन मांडलं आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहू लागला. एका छोट्या प्रकाशकासाठी थोडंफार संपादनही करायचा. पैसे बेताचेच. पण वेळ त्याच्या स्वतःच्या हातात होता.

१९७१मध्ये त्याचं आणि जेफ पेरनचं चेनमेल हे पुस्तक आलं. मध्ययुगीन सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांच्या लढायांचे नियम. त्याला शेवटी एक पुरवणी जोडली होती. तिच्यात ड्रॅगन होते, जादूगार होते, आगीचे गोळे होते. इतिहासाचे कट्टर चाहते नाराज झाले, पण बाकीच्यांना तीच पुरवणी आवडली. तरीही चेनमेल हा सैन्याचा खेळ होता, खेळाडू वरून सगळं बघणारा सेनापती होता. आपण स्वतः त्या जगातला एक माणूस असणं, ही गोष्ट अजून यायची होती.

## दुसरा माणूस : डेव्ह आर्नेसन

ती गोष्ट लेक जिनिव्हाहून बऱ्याच लांब, मिनेसोटात सुरू झाली होती. १९६९मध्ये डेव्हिड वेस्ली या खेळाडूने ब्राउनस्टीन नावाचा प्रयोग केला. त्यात खेळाडूंना सैन्य न देता एकेक माणूस दिला. कुणी गावाचा महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलपती. आणि खेळाडू नियमांच्या बाहेर जाऊन मनाला येईल ते करू लागले. वेस्लीला वाटलं प्रयोग फसला. खेळाडूंना मात्र तो प्रचंड आवडला.

त्या गटात डेव्ह आर्नेसन होता. त्याने हीच कल्पना उचलून ब्लॅकमूर नावाचं जादूचं जग उभं केलं, खाली भुयारं असलेला किल्ला रचला आणि लढायांसाठी चेनमेलचे नियम घेतले. लवकरच एक अडचण आली. चेनमेलमध्ये नेम लागला की सैनिक गेला. पण खेळाडूंचा आपल्या पात्रावर जीव जडला होता, एका फटक्यात तो गेलेला त्यांना सोसेना. आर्नेसनने आरमारी लढायांच्या खेळातून एक युक्ती आणली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, ते किती मार सोसू शकतं याचा आकडा असतो. तोच आकडा त्याने माणसाला लावला. तुमच्या फोनमधली हिरवी पट्टी ती हीच. म्हणजे आपण सगळे इतकी वर्षं छोटी जहाजंच खेळवतोय म्हणा ना.

गॅरी आणि आर्नेसन १९६९च्या जेन कॉनमध्ये भेटले होते, दोघांनी मिळून आरमारी खेळाचे नियमही लिहिले होते. १९७२च्या अखेरीला आर्नेसन आपला मित्र डेव्ह मेगॅरीसोबत लेक जिनिव्हाला आला आणि त्याने गॅरीच्या घरी ब्लॅकमूरचा डाव मांडला. गॅरीला एका बैठकीत कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. त्याने आर्नेसनकडे नियम मागितले. मिळाली ती जेमतेम १८ पानांची टिपणं.

आपल्या भाषेत सांगायचं तर आर्नेसनकडे चालणारा प्रोटोटाइप होता, पण त्याची समजूत सगळी त्याच्या डोक्यात. तो समोर बसला तरच डाव चालायचा. गॅरीने त्या टिपणांचं आधी ५० पानी, मग १५० पानी हस्तलिखित केलं. ज्या माणसाने हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यालाही तो मांडता यावा इतकं ते भरलं. कल्पना कुणाची आणि मेहनत कुणाची, हा वाद इथेच रुजला. तो आपण पुढे बघू.

## एक हजार खोके

नव्या खेळाचे पहिले टेस्टर होते गॅरीची मुलं. घरी रात्री जेवणं झाल्यावर त्याचा थोरला मुलगा आणि मुलगी ग्रेहॉक किल्ल्याच्या भुयारात उतरले. मग शेजारपाजारचे, गावातले मित्र, आणि हळूहळू टेबल पुरेनासं झालं. नावासाठी गॅरीने शब्दांच्या जोड्या कागदावर लिहून घरच्यांना दाखवल्या. धाकट्या मुलीला डंजन्स अँड ड्रॅगन्स आवडलं. तेच ठरलं.

छापायला कुणी मोठी खेळ कंपनी पुढे आली नाही. म्हणून १९७३च्या ऑक्टोबरमध्ये गॅरी आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र डॉन के यांनी टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे टीएसआर, ही कंपनी काढली. केने त्यासाठी आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढलं. तरी पैसे कमी पडले. मग ब्रायन ब्लूम हा खेळाडू २००० डॉलर घालून तिसरा भागीदार झाला.

१९७४च्या जानेवारीत खेळ आला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती फक्त १०००. खोकी भरायची, लेबलं चिकटवायची, सगळं घरच्या घरी. जाहिरातीला पैसे नव्हते. तरी वर्ष संपेपर्यंत त्या विकल्या गेल्या, कारण एक खोका घेतला की त्याभोवती चार-पाच जण जमायचे आणि त्यातल्या एकाला स्वतःचा डाव मांडावासा वाटायचा.

## फाश्यांमागचं गणित

आता जरा तांत्रिक बघू. आपला नेहमीचा फासा सहा बाजूंचा. या खेळात ४, ८, १२ आणि २० बाजूंचेही फासे आले. गणिताच्या वर्गात भूमितीचे आकार दाखवायला असे संच विकले जायचे, तिथून ते मागवले.

२० बाजूंच्या फाशात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, ५ टक्के. १ पडणं आणि २० पडणं तितकंच संभव. म्हणून तो थरार आणतो. पण पात्राची ताकद किंवा बुद्धी ठरवताना सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज करायची. त्याच्या २१६ जुळण्या होतात. त्यात १८ येण्याची फक्त एक, आणि १० येण्याच्या २७. म्हणजे बहुतेक पात्रं मध्यम निघतात, खऱ्या माणसांसारखी, आणि एखादंच अचाट. कुठे सपाट शक्यता हवी आणि कुठे मधे फुगलेली, याची निवड खेळाचा स्वभाव ठरवते. विम्याच्या टेबलावर वर्षं काढलेल्या माणसाला ही निवड करायला अवघड गेलं नसेल.

आणि आता माझ्या गॉब्लिनचं उत्तर. १९७४च्या त्या पुस्तिकांमध्ये एक छोटा तक्ता आहे. बुद्धी असलेला राक्षस भेटला की तो काय करेल, हे दोन फाशांवर ठरवायचं. बेरीज २ ते ५ आली तर तो विरोधात, ६ ते ८ आली तर त्याचं काही ठरलेलं नाही, ९ ते १२ आली तर त्याचा कल चांगला. ३६ जुळण्यांपैकी विरोधाच्या फक्त १०. म्हणजे तक्ता लावला तर साधारण २८ टक्के वेळाच समोरचा सरळ अंगावर येतो! उरलेल्या वेळी बोलायला जागा आहे.

अजून एक. त्या मूळ खेळात अनुभवाचे पॉइंट राक्षस मारून मिळायचे खरे, पण मोठा वाटा खजिन्याचा होता. एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक पॉइंट. त्यामुळे हुशार खेळाडू लढाई टाळायचे. फसवायचे, सौदा करायचे, मागच्या दाराने जायचे. माझी टेस्टिंगवाली मैत्रीण नियमांच्या बाहेर गेलीच नव्हती. नियम न वाचता डाव मांडणारा मीच होतो.

## आकडे कॉम्प्युटरवर गेले, प्रश्न मागे राहिला

खेळ आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९७५मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी भुयारात फिरायचे गेम लिहिले. त्यातल्या एकाचं नाव होतं पेडिट५. नाव असं रुक्ष, कारण अभ्यासाच्या फायलींमध्ये तो लपवायचा होता. १९८०च्या सुमाराला रोग आला, १९८१मध्ये विझर्ड्री आणि अल्टिमा, १९८६मध्ये जपानचा ड्रॅगन क्वेस्ट. तिथून साखळी सरळ तुमच्या फोनपर्यंत येते.

कॉम्प्युटरने हा खेळ घेतला तेव्हा आकडे घेतले. एचपी, लेव्हल, पॉइंट, खजिना. हे मोजायला तो माणसापेक्षा सरस. पण टेबलावरचा मुख्य प्रश्न, की आता तू काय करणार, त्याला जे सुचेल ते उत्तर द्यायची मोकळीक तो घेऊ शकला नाही. त्याच्याकडे बटणं होती, आणि बटणं आधी ठरवावी लागतात. माझा फ्लोचार्ट म्हणजे तेच. चार जिवंत माणसं समोर असताना मी त्यांना बटणं दिली होती.

गंमत अशी, की हीच चूक एका टप्प्यावर खुद्द गॅरीनेही केली.

## दार बंद करायचा प्रयत्न

खेळ पसरला तसे लोक आपापले नियम बनवू लागले. लेक जिनिव्हात पत्रांचा ढीग पडायला लागला. अमुक प्रसंगी काय करायचं, तमुक नियमाचा अर्थ काय. शिवाय स्पर्धा भरू लागल्या, तिथे सगळ्या टेबलांवर सारखे नियम हवेत. म्हणून गॅरीने अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स लिहायला घेतलं. १९७७मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल, १९७८मध्ये प्लेयर्स हँडबुक, १९७९मध्ये डंजन मास्टर्स गाइड. तीन जाड पुस्तकं, मुख्यतः एका माणसाच्या हातची.

पहिल्या पुस्तकात आपल्या ओळखीचं कुणीतरी आहे. वाघाचं तोंड, अंगात झगा, हातात पाइप घेऊन ऐटीत बसलेला राक्षस. नावही राक्षसच. गॅरीला तो रामायणातून मिळाला नाही, एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या भागातून मिळाला. तिथे त्याला मारायला मंत्रवलेला बाण लागतो, तेच इथेही आलं. आपल्याकडे कुणी त्याला वाघाच्या तोंडाचा म्हणून ओळखणार नाही, पण जगभरच्या खेळाडूंच्या मनात तो शब्द म्हटला की हेच चित्र उभं राहतं.

या काळात गॅरीची भाषा बदलली. कंपनीच्या द ड्रॅगन या मासिकातून तो सांगू लागला, की जो नियम बदलेल तो आमचा खेळ खेळतच नाहीये. ज्या खेळाचा जन्मच नियम मोडणाऱ्यांमुळे झाला, त्याचा लेखक असं म्हणू लागला. आणि त्याच्यासोबत खेळलेले लोक सांगतात, की स्वतःच्या टेबलावर तो यातले कितीतरी नियम बाजूला ठेवून मनानेच निर्णय द्यायचा.

यामागे पैशाचीही बाजू होती. आर्नेसनला मूळ खेळाची रॉयल्टी मिळायची. अ‍ॅडव्हान्स्ड हा वेगळाच खेळ आहे, म्हणून त्याची रॉयल्टी लागू नाही, अशी कंपनीची भूमिका होती. १९७९मध्ये आर्नेसन कोर्टात गेला. १९८१मध्ये तडजोड झाली आणि दोघं सहनिर्माते म्हणून मान्य झाले. मला विचाराल तर ही गॅरीच्या आयुष्यातली न पटणारी बाजू आहे. त्याने लिहिलं नसतं तर खेळ मिनेसोटाच्या बाहेर गेला नसता, हे खरं. पण आर्नेसन त्या दिवशी गाडी काढून आला नसता, तर लिहायला काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

## वादळ

१९७९मध्ये मिशिगनच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी बेपत्ता झाला. या खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हरवला, अशा बातम्या झळकल्या. तसं काहीच नव्हतं. तो जिवंत सापडला आणि त्याच्या अडचणी वेगळ्याच होत्या. पण तोवर खेळाचं नाव घरोघरी झालं होतं आणि खपही वाढला होता. पुढच्या वर्षांत काही पालकांनी आणि धार्मिक गटांनी आरोप केले, की हा खेळ मुलांना सैतानाकडे आणि आत्महत्येकडे नेतो. १९८५मध्ये सिक्स्टी मिनिट्स या मोठ्या टीव्ही कार्यक्रमात गॅरीला उत्तरं द्यावी लागली. त्याला धमक्यांची पत्रं यायची. मोबाईल गेममुळे मुलं बिघडतात हे तुम्ही घरी ऐकलं असेल, त्याची ही जुनी आवृत्ती.

## स्वतःच्याच कंपनीबाहेर

खरा घाव मात्र घरातूनच बसला. १९७५च्या जानेवारीत डॉन के हृदयविकाराने अचानक गेला, वय अवघं ३६. त्याचा वाटा विकत घ्यायला गॅरीकडे पैसे नव्हते. ब्लूम कुटुंबाने पैसे घातले आणि कंपनीतला मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. खेळ गॅरीच्या नावाने ओळखला जात होता, पण मतदानात तो अल्पमतात.

१९८३मध्ये कंपनीची विभागणी झाली आणि गॅरीला हॉलिवूडला धाडण्यात आलं. तिथे त्याने डी अँड डीची कार्टून मालिका टीव्हीवर आणली. त्याच वर्षी त्याचा आणि मेरी जोचा घटस्फोट झाला. इकडे लेक जिनिव्हात कंपनी सुमारे १५ लाख डॉलरच्या कर्जात गेली. गॅरी परतला, १९८५च्या सुरुवातीला त्याने सूत्रं हाती घेतली आणि कारभार सावरायला लॉरेन विल्यम्स यांना आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विल्यम्स यांनी ब्लूम बंधूंचे शेअर विकत घेतले आणि कंपनीचा ताबा त्यांच्याकडे गेला. गॅरी कोर्टात गेला, हरला. १९८६मध्ये तो बाहेर पडला. ग्रेहॉक या त्याच्याच जगाचे हक्कही कंपनीकडे राहिले.

स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. कंपनीच्या दारावर कुणाचं नाव आहे आणि शेअर कुणाकडे आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नंतर त्याने नवे खेळ काढले. १९९२च्या डेंजरस जर्नीज या खेळावर टीएसआरने दावा लावला, तोही गुंडाळावा लागला. अखेर १९९७मध्ये टीएसआरच डबघाईला आली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. नव्या मालकांनी गॅरीशी जुनं वैर मिटवलं. २०००मध्ये त्यांनी खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली दिले, म्हणजे कुणीही त्यावर आपलं काही रचून विकू शकेल. ज्या दाराला गॅरी कधीकाळी कडी घालत होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत उघडलं.

## पडवीतला डाव

शेवटच्या वर्षांत गॅरी पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. २००४मध्ये त्याला पक्षाघाताचे झटके आले, काम कमी झालं, पण खेळ थांबला नाही. लेक जिनिव्हातल्या त्याच्या घरी लांबून लांबून चाहते यायचे आणि पडवीत डाव मांडला जायचा. २००८च्या जानेवारीतही त्याचा गट खेळत होता. ४ मार्च २००८ला, वयाच्या ६९व्या वर्षी, तो घरीच गेला. अंत्यसंस्कारानंतर जमलेले मित्र नुसते आठवणी काढत बसले नाहीत, फासे काढून खेळले. त्यातूनच गॅरी कॉन हे वार्षिक संमेलन सुरू झालं. आर्नेसन एका वर्षाने, ७ एप्रिल २००९ला गेला.

## माझा दुसरा डाव

हे सगळं वाचल्यावर मी तो फ्लोचार्ट फाडला आणि एका पानावर तीनच गोष्टी लिहिल्या. गुहेत कोण राहतं. त्याला काय हवंय. आणि कुणी काहीच केलं नाही, तर काय घडेल. उत्तर काय निघेल ते लिहिलंच नाही.

चौघांना पुन्हा बोलावलं. आधी कुणी हो म्हणेना, मग मिसळीच्या अटीवर आले. मैत्रिणीने परत तोच हट्ट धरला, गॉब्लिनला डबा द्यायचा. मी दोन फासे टाकले. नऊ. मग तो गॉब्लिन जेवला, बसला, आणि आतल्या सरदाराने त्याचा पगार तीन महिने थकवल्याची तक्रार करू लागला. हे मला आधी माहीत नव्हतं, तिथेच सुचलं. टेबलावर चारही आयटीवाले, त्यामुळे सहानुभूतीची लाट उसळली. खजिना लांबच राहिला, त्यांनी आत जाऊन गॉब्लिनचा संप घडवून आणला. रात्री दीड वाजता रूममेटने घड्याळ बघितलं. फोन सगळ्यांचे होते, पण हातात कुणाच्याच नव्हते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर खर्च फारसा नाही. खेळाचे मूळ नियम नेटवर अधिकृतपणे मोफत मिळतात. फोनमध्ये फासे टाकणारी अ‍ॅप आहेत, आणि तेवढंही नको असेल तर लहानपणीच्या सापशिडीतले दोन फासे चालतील. फक्त मी केलेली चूक करू नका. फासे तेव्हाच टाका, जेव्हा यश आणि अपयश दोन्हींतून पुढे काहीतरी मजेदार घडणार असेल. आणि कुणी अनपेक्षित काही करायचं म्हणालं, तर नाही म्हणण्याआधी दोन सेकंद थांबा.

गॅरीने कंपनी गमावली, हक्क गमावले, कधी स्वतःचीच शिकवण विसरला. पण रात्रीच्या जेवणानंतर मुलांना समोर बसवून त्याने जो प्रश्न विचारला, तो कुणाच्याच मालकीचा नाही. या शनिवारी तुम्हीही तो विचारू शकता. समोर गुहा आहे, आत अंधार आहे. आता काय करणार?